लडकूशेठचा मासा

लडकूशेठ गेले तेव्हा त्यांच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीत पाणी होतं, दगड होते, पाणी हलतं ठेवणारा पंप होता. मासे तेवढे नव्हते.

ठाण्याला एका सोयरिकीच्या बोलणीला गेले असताना त्यांनी तशी टाकी पाहिली होती. खाऱ्या पाण्याची, आत निळा उजेड, आणि त्या उजेडात निवांत फिरणारे मासे. सोयरीक काही जुळली नाही, पण टाकी त्यांच्या मनात बसली. कामतघरला परतल्यावर त्यांनी कुमार नावाच्या दुकानदाराला बोलावून घेतलं आणि सोफ्यासमोरची भिंत दाखवून सांगितलं, "हितं बसव. माज्या बापानं खाडीन जालं टाकलं, मी खाडीच घरान आनतंय." कुमारने टाकी बसवली, पण मासे लगेच सोडायला तो तयार होईना. पाणी मुरावं लागतं, दगडांवर बारीक जीव धरावा लागतो, दीड महिना तरी थांबा, म्हणाला. तेव्हापासून शेठ रोज संध्याकाळी गोदामावरून येऊन त्या रिकाम्या टाकीसमोर बसत. येणारेजाणारे विचारत, "शेठ, दगड पालल्यात का?" शेठ म्हणत, "दगडच बरे. कोनाला खावाला मांगत न्हाईत."

दीड महिना भरत आला होता. अशात एके सकाळी गोदामाच्या फाटकाशी, ट्रक मागे घेणाऱ्या ड्रायव्हरवर ओरडता ओरडता शेठना छातीत कळ आली, आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं.

दहाव्याला तलावाच्या घाटावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या झाडावर चांगले बसून होते, मान वाकडी करून बघतही होते. मुलगा देवेश हात जोडून म्हणाला, "आईला सांभाळीन." जावई म्हणाले, तुमच्या माधवीला काही कमी पडू देणार नाही. गोदामाचा मॅनेजर म्हणाला, "शेठ, हिशोब चोख ठेवीन." ऊन डोक्यावर आलं. गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी उठली.

घरी जानकीबाई दारातच उभ्या होत्या. "शिवला?" त्यांनी विचारलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेठचे धाकटे भाऊ हिरामण सगळ्यांत मागे होते, पण त्यांना खोटं बोलायला वेळ लागत असे, त्यामुळे तेच बोलून गेले, "दर्भाचा शिववला, वहिनी."

त्या दिवसापासून जानकीबाईंनी बोलणंच आवरतं घेतलं. एरवी ज्या बाईचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा, ती हॉलमध्ये जमिनीवर चटई टाकून त्या दगडांच्या टाकीकडे बघत बसू लागली.

हिरामण यांच्याविषयी सांगण्यासारखं फार नाही. शहरातल्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलामागे त्यांची नोकरी गेली. लग्नाचं घरात कुणी मनावर घेतलं नाही, आणि त्यांनी स्वतःही आठवण करून दिली नाही. शेठनी बंगला बांधला तेव्हा तळमजल्यावरची मागची खोली दाखवून ते एवढंच म्हणाले होते, "तुजी पुस्तकं हिकडं टाक." पुस्तकं टाकली, मागोमाग हिरामणही त्या खोलीत राहिले, ते आजतागायत. खोलीला पूर्वेची खिडकी होती, भिंतीत दोन खोल फडताळं होती, आणि चालत गेलं तर वाचनालय जवळ होतं. निवृत्त झाल्यावरही ते रोज तिथे जात. ही खोली तुझी, असं शेठ कधी म्हणाले नाहीत. ते आहेत तोवर तसं म्हणायची गरजही पडली नव्हती.

दहावा उरकल्यावर देवेश त्यांच्याकडे आला होता. मुलगा वाईट नव्हता. दारातच चप्पल काढून आत आला, खाटेच्या कडेला टेकला.

"काका, महिन्याचं झालं ना, की मागच्या बाजूला ऑफिस काढतोय. ट्रान्सपोर्टवाली पार्टी आली की गोदामात बसत नाय. एसी लागतो त्यांना. ही भिंत पाडली की हॉलमधनं डायरेक्ट एन्ट्री होईल."

हिरामण भिंतीकडे बघत राहिले.

"पडघ्याचा फ्लॅट रिकामाच आहे आपला. हायवेला लागून. तुम्हाला काय, पुस्तकं वाचायची. शांत पडेल."

"बरं," हिरामण म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडात नेहमी तयार असे. बाकीचे शब्द देवेश गेल्यावर आले. पडघ्याला आपण कुणाला ओळखत नाही. तिथून वाचनालयात रोज येणं होणार नाही. इथे निदान सकाळी कुणीतरी काका म्हणून चहा आणून देतं. हे सगळं त्यांनी नीट ओळीने लावलं, मनात दोनदा म्हणूनही पाहिलं, आणि मग त्यांना वाटलं की हे बोलण्याचा आपल्याला अधिकार तरी काय? खोली भावाची. भाऊ गेला.

तेराव्यानंतर कुमार मासे घेऊन आला. देवेश परत पाठवायला निघाला होता, पण जानकीबाई चटईवरून उठल्या. "तेंनी मांगवल्यात. र्‍हाऊं द्या."

पिशव्यांतून तीन मासे निघाले. दोन लहान, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. कुमारने थेंबाथेंबाने टाकीचं पाणी मिसळून त्यांना सवय करवली आणि मग आत सोडलं. नारिंगी मासे दोन गिरक्या मारून लगेच खायला लागले. तिसरा मासा ताटलीसारखा चपटा होता, चंदेरी अंगावर तांबूस उभे पट्टे, शेपटीजवळ एक खोटा डोळा, आणि तोंड पुढे चिमट्यासारखं लांब निघालेलं. तो एका दगडामागे गेला आणि तिथेच तिरका होऊन राहिला.

"हा नखरेल आहे," कुमार म्हणाला. "शेठनी फोटो बघून हाच पाहिजे म्हणून धरलं होतं. मी बोललो होतो, शेठ, हा बरेचदा खातच नाही. खाल्लं तर वर्षानुवर्षं जगतो, नाही खाल्लं तर गेला." मग त्याने आजूबाजूला बघितलं. देवेश फोनवर होता, त्याची बायको क्षितिजा सैपाकघरात. रिकामे असे हिरामणच दिसले. कुमारने खाण्याचा डबा आणि एक लांब चिमटा त्यांच्या हातात दिला. "काका, तुम्ही बघा. घाई करू नका. टाकीपुढे गर्दी नको."

अशी माशाची जबाबदारी हिरामण यांच्यावर आली.

त्यांनी डब्यातल्या गोळ्या भिजवून चिमट्याने माशासमोर धरल्या. मासा जवळ आला, एका डोळ्याने निरखून बघितलं आणि मागे सरला. नारिंगी माशांनी गोळ्या खाऊन टाकल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी जानकीबाई चटईवरून म्हणाल्या, "भावजी, तुमी शिकलेलं. माशाला चोच कशाला?"

"दगडांच्या फटीतलं टिपून खायला, वहिनी."

"मंग टिपत का न्हाय?"

उत्तर जानकीबाईंनीच शोधून ठेवलेलं होतं. त्या उठून काचेजवळ गेल्या, माशाची ती लांब चोच त्यांनी बराच वेळ पाहिली आणि पदर डोक्यावर घेतला.

"तेंनी मांगवलेला मासा. तेंच्या पाठी आयला. चोच हाय, आन समोर ठेवलेलं शिवत न्हाय." त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "तेंचे मनान कायतरी र्‍हायलाय."

त्याच संध्याकाळी पहिली बैठक भरली. बैठक म्हणजे घरातले सगळे टाकीसमोर उभे, हिरामण चिमट्यात भिजवलेली गोळी धरून पुढे, आणि जानकीबाई हात जोडून. "एकविरेला जाऊन येन. तुमचे नावानं वटी भरन. आता तरी शिवा." हिरामण यांनी चिमटा खाली सोडला. माशाने पाहिलं आणि तो दगडामागे गेला.

हिरामण यांना ते बघवलं नाही. जानकीबाईंकडे की माशाकडे, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी खोलीत जाऊन कुमारला फोन लावला. कुमार म्हणाला, "जिवंत शिंपली उघडून देऊन बघा. ते नाही खाल्लं तर मग आपल्या हातात काही नाही."

आता अडचण अशी होती की महिन्याचं होईपर्यंत घरात मासळी, मटण काही यायचं नाही, असं जानकीबाईंनी सांगून ठेवलं होतं. डब्यातल्या गोळ्यांना त्यांची हरकत नव्हती. ते औषधासारखं, म्हणाल्या. शिंपल्या म्हणजे शिवल्या, आणि शिवल्या म्हणजे सरळ कालवण. विचारलं तर नाही म्हणतील. न विचारता आणल्या तर दुखवट्यातल्या घराचा नेम मोडला असं होईल. हिरामण यांनी आयुष्यात फारसे नेम मोडले नव्हते, म्हणून कसा मोडतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. सकाळी फिरायला म्हणून ते बाहेर पडले आणि बाजारात खाडीकडच्या एका बाईच्या टोपलीपुढे उभे राहिले.

"चार द्या."

"चार वाटे?"

"चार शिवल्या."

बाईने त्यांच्याकडे वर मान करून बघितलं. "आजा, चार शिवल्यांचा कालवन करनार का नैवेद?" बाजूच्या बायका हसल्या. तिने मूठभर शिवल्या त्यांच्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाली, "ने. आजीला सांग, मीठ जास्ती टाकू नको."

घरी जानकीबाई अंघोळीला गेल्या होत्या. हिरामण यांनी चाकूने एक शिवली उघडली, बोट थोडं कापून घेतलं, आणि ती उघडी शिवली चिमट्याने एका सपाट दगडावर ठेवली. मासा बाहेर आला. शिवलीभोवती त्याने एक फेरी मारली, मग दुसरी, मग ती चोच शिंपल्याच्या कडेला लावली आणि मांसाचा एक बारीक तुकडा ओढला. गिळला. पुन्हा ओढला. हिरामण तोंड उघडं टाकून बघत राहिले. त्यांच्या हातून इतकं सरळ असं काही फारसं झालेलं नव्हतं.

बाथरूमची कडी वाजली तेव्हा त्यांनी शिंपले काढून लेंग्याच्या खिशात घातले. दिवसभर ते खिशातच राहिले. वाचनालयातला शिपाई दोनदा म्हणाला, "कुठंतरी वास मारतोय."

वहिनींना सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. संध्याकाळी सांगावं, असं. पण संध्याकाळी सासरहून मुलगी माधवी आली, तिला टाकीसमोर उभं केलं, आणि ती रडत रडत म्हणाली, "बाबा, मी आईला दर महिन्याला चार दिवस घेऊन जाईन." हिरामण यांनी गोळी धरली. सकाळी शिवली खाऊन तृप्त झालेल्या माशाने गोळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अशा वेळी कसं सांगायचं? उद्या सांगू, असं ते स्वतःला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी देवेशची पाळी आली. जानकीबाई म्हणाल्या, "शेलार गावचे जागंचं बोल."

"आई, जागेचं काय त्यात?"

"त्यो गुजराती जागा बघाला सारका येतंय, मना काय दिसत न्हाय? बोल."

देवेशने टाकीकडे बघितलं. मासा त्याच्याकडे शेपटीजवळच्या खोट्या डोळ्याने बघत होता. "बाबा, शेलारची जागा विकणार नाय," तो म्हणाला. मासा हलला नाही. "बघ, नाय खात. म्हणजे ते नसेल बाबांच्या मनात."

"म्हंजे अजून बी कायतरी हाय," जानकीबाई म्हणाल्या.

क्षितिजा पुढे झाली. तिने पदर खोचला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "बाबा, हे रोज नऊच्या आत घरी येतील. आणि शनिवारी धाब्यावर बसणार नाहीत."

"ए, माझ्या वतीनं तू काय बोलतेस?"

"मग तुम्ही बोला. मासा ऐकतोय."

हिरामण चिमटा धरून उभे होते, म्हणून त्यांना हसता आलं नाही.

असं रोज चाललं. सकाळी शिवल्या, संध्याकाळी बैठक. माशाला आता चिमट्यातून घ्यायचीही सवय लागली होती. हिरामण काचेपुढे दिसले की तो दगडामागून बाहेर येई. पण गोळीला तोंड लावत नसे. घरच्यांना दिसत होतं ते एवढंच की मासा अन्नाचा कण खात नाही, आणि तरी जगतोय. जगतोय काय, अंगाने भरतोय. शेजारपाजारचे येऊन बघून जाऊ लागले. सुरुवातीला खांदे उडवणारा देवेशसुद्धा टाकीपुढून जाताना चप्पल हातात घेऊ लागला. शेलारच्या गिऱ्हाइकाला त्याने खरोखरच नाही सांगून टाकलं. नऊला घरी येऊ लागला. क्षितिजा एकदा हिरामण यांच्यापुढे चहा ठेवताना म्हणाली, "काका, हा मासा अजून दोन महिने असाच उपाशी राहायला पाहिजे."

आता सांगणं जास्तच अवघड झालं होतं.

आणि याच सुमारास हिरामण यांच्या मनात तो विचार आला. तो कधी आला हे त्यांना नेमकं कळलं नाही. कापलेल्या बोटाला हळद लावताना आला असावा. मासा संध्याकाळी खात नाही, कारण सकाळी पोटभर खातो. एक दिवस सकाळी दिलं नाही, आणि संध्याकाळी गोळीऐवजी चिमट्यात शिवलीचं मांस धरलं, तर तो खाणार. कुणाच्या बोलण्याला खायचं, हे चिमटा धरणाऱ्या हातावर होतं. म्हणजे त्यांच्यावर.

विचार आला तसा त्यांनी झटकला. पण तो जाईना. दादांनी खोलीबद्दल काही बोलून ठेवलं नव्हतं, हे खरं. पण जगले असते तर त्यांनी मला पडघ्याला पाठवलं असतं का? नसतं. मग जे दादांच्या मनात होतंच, तेच मासा सांगणार. यात खोटं काय? ते खाटेवर बसून हे पुन्हा पुन्हा तपासत. एकदा बरोबर वाटे, एकदा सरळ चोरी वाटे. पुस्तकांतून अशा प्रसंगी माणसं काय करतात हे त्यांनी पुष्कळ वाचलं होतं, पण त्या सगळ्या माणसांना आपलं मन माहीत असे.

महिन्याच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी ते सैपाकघराच्या दारात गेले. जानकीबाई उद्याचे तांदूळ निवडत होत्या.

"वहिनी."

"काय भावजी?"

"खोलीचं... म्हणजे देवेश मागची भिंत पाडतोय. दादांना ते... त्यांना विचारलं का कुणी?"

एवढं बोलून त्यांचे कान तापले. जानकीबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांच्या कपाळावर आठी आली, आणि हिरामण यांना कळलं की बोललेलं पोचलं.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी त्यांनी माशाला काही दिलं नाही. मासा काचेवर आला, त्यांच्या बोटामागे इकडून तिकडे फिरला. ते टाकीकडे पाठ करून बसले. दुपारी पानं उठली, पाहुणे गेले. संध्याकाळी सगळे टाकीसमोर जमले: जानकीबाई, देवेश, क्षितिजा, माधवी. हिरामण यांनी चिमट्याच्या टोकाला शिवलीचं मांस धरलं होतं, बारीक कापून, गोळीसारखं दाबून. आजवर चिमट्याच्या टोकाशी काय आहे हे कुणी बघितलं नव्हतं. आजही बघितलं नाही.

"आज म्हयना झाला," जानकीबाई म्हणाल्या. "सगले बोलून झाले. एकच र्‍हायलाय. देवेश, भावजींचं बोल."

देवेश चमकला. त्याने काकांकडे पाहिलं. काका टाकीकडे बघत होते.

"काकांचं काय?"

"तेंचं सख्खं भाव हाय. तेंचं काय ठरवलं तू, ते तेंना सांग."

देवेशने हात जोडले. मग तो खालच्या आवाजात, खरोखर बापाशी बोलावं तसा बोलू लागला. "बाबा, काकांची काळजी करू नका. काका कुणाचे मिंधे राहणार नाहीत. त्यांचं हक्काचं घर राहील."

हिरामण यांना वाटलं, हेच ते. त्यांनी चिमटा पाण्यात सोडला. मासा दगडामागून निघाला, पण नेहमीसारखा झडप घालून आला नाही. टाकीपुढे गर्दी होती. तो थांबला. बघू लागला.

"पडघ्याचा फ्लॅट मी काकांच्या नावावर करून देतो," देवेश पुढे म्हणाला. "रंगवून देतो. पुस्तकांना कपाटं करून देतो. म्हातारपणी काका स्वतःच्या घरात राहतील, बाबा. शब्द देतो."

हिरामण यांनी चिमटा मागे ओढायला हवा होता. ओढायचा, हे त्यांच्या मनात येऊनही गेलं. पण मासा कालपासून उपाशी होता. तो पुढे आला, त्याने मांसाला चोच लावली आणि लचका तोडला. मग दुसरा. मग सगळंच ओढून घेतलं आणि आणखी काही आहे का ते बघत चिमट्याचं टोक टोचू लागला.

माधवीने तोंडात पदर घालून हुंदका दिला. देवेश आधी माशाकडे, मग आपल्या हातांकडे बघत होता. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. आणि जानकीबाई खाली बसल्या. घाटावरून मंडळी परतली त्या दिवशीही त्या इतक्या रडल्या नव्हत्या.

"भावाचा जीव हो," त्या म्हणत होत्या. "भावजी, तुमच्यात जीव अडकलेला तेंचा. तुमाला सोताचं घर नव्हतं, ते तेंना खुपत होतं. मेल्यावर बी खुपत होतं."

"वहिनी," हिरामण म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. आता सांगता आलं असतं. मासा रोजच खातो, एवढं एकच वाक्य होतं. ते वाक्य त्यांनी मनात जुळवलंही. समोर जानकीबाई डोळे पुसत होत्या, आणि देवेश पुढे येऊन त्यांच्या पायाशी वाकला होता.

"बरं," हिरामण म्हणाले.

त्या रात्री हॉलमध्ये चटई पडली नाही. जानकीबाई आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर जाऊन झोपल्या.

आठवड्याभरात टेम्पो ठरला. देवेशने शब्द पाळला. कागदांवर सह्या झाल्या, पडघ्याला रंगारी लागले, सुतार येऊन फडताळांपेक्षा मोठी कपाटं करून गेला. त्याने हे सगळं इतक्या मनापासून केलं की हिरामण यांना त्याच्याकडे बघताना अवघडल्यासारखं होई. पुस्तकं खोक्यांत भरली. रिकाम्या खोलीत बोललं की आवाज घुमू लागला.

निघायच्या सकाळी त्यांनी क्षितिजाला टाकीपाशी बोलावलं आणि चिमटा तिच्या हातात दिला. एका वाटीत दोन उघडलेल्या शिवल्या होत्या.

"रोज सकाळी दोन-तीन. ताज्या. डब्यातल्या गोळ्या तो खात नाही, त्या नारिंगी माशांना."

क्षितिजाने वाटीकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. ती हुशार मुलगी होती.

"काका, हा कधीपासून खातोय?"

हिरामण यांनी चष्मा काढून पुसला. "आला त्याच आठवड्यापासून."

ती बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, ते तिने तळव्याने दाबलं. "म्हणजे मी नऊ वाजताचं बोलले तेव्हा याचं पोट भरलेलं होतं?"

"हो."

"आणि हे फ्लॅटचं बोलले तेव्हा..." ती थांबली. हसू मावळलं. मागच्या रिकाम्या खोलीकडे तिची नजर गेली. "काका, तुम्हाला जायचं नव्हतं ना? मग सांगा की. अजून भिंत पाडली नाही. मी सांगू का यांना?"

बाहेर ओट्यावरून जानकीबाईंचा आवाज येत होता. महिना संपला होता, मासळीवाली दारात टोपली उतरवून बसली होती, आणि जानकीबाई तिला गल्लीच्या तोंडाशी ऐकू जाईल अशा आवाजात सुनावत होत्या. "हे बोंबील हायत का वाती? यांना उचलला तं तुटतील. आन तू मना भाव सांगतंस? मी टोपली घेऊन बाजारान बसत होती तवा तू पालन्यान होतीस!"

"ऐक," हिरामण म्हणाले.

क्षितिजा ऐकत राहिली. नंतर तिने पुन्हा विचारलं नाही. आपण वहिनींसाठी गप्प राहिलो, की नेहमीप्रमाणे तोंड उघडलंच नाही, हे हिरामण यांनाही ठरवता आलं नव्हतं. रोज सकाळी ते एका बाजूने ठरवत आणि झोपेपर्यंत दुसऱ्या बाजूने.

"चिमटा फार हलवू नकोस," ते म्हणाले. "आणि जरा बाजूला उभी राहा. सावली नको पडायला."

क्षितिजाने शिवलीचं मांस टोकाला धरून चिमटा पाण्यात सोडला. मासा दगडामागून अर्धा बाहेर आला. तो परक्या हाताचं घेणार नाही, अशी एक आशा हिरामण यांच्या मनात डोकावली. त्या आशेची त्यांना लाज वाटली, पण ती होती. कुमार म्हणालाच होता, मासा नखरेल आहे. मग कदाचित रोज सकाळी कुणीतरी पडघ्याला गाडी पाठवील.

मासा सरळ पुढे आला, क्षितिजाच्या चिमट्यातून त्याने मांस ओढून घेतलं आणि आणखी मागायला काचेपाशी आला.

"खाल्लं! काका, खाल्लं त्यानं!" क्षितिजा म्हणाली.

"हो," हिरामण म्हणाले. "चांगलं खातोय." टेम्पोवाला बाहेर हॉर्न देत होता. त्यांनी शेवटची पिशवी उचलली आणि वहिनींच्या पाया पडायला ते ओट्यावर गेले.